इमान आणि आमेन : टिळक दांपत्य, जळगाव आणि विश्वासूपणाचा अर्थ

खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली दोन भाग झाले. धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण राहिले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे झाले. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, या नव्या जिल्ह्याच्या गावी महाराष्ट्र कविसंमेलन भरले. ते जळगावात भरावे यात नवल नव्हते. नारायण नरसिंह फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक १८८७ पासून याच गावातून निघत होते. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. एवढी हकिगत मराठी वाचकाला शालेय पुस्तकांपासून ठाऊक असते.

त्या संमेलनातली दुसरी गोष्ट त्या मानाने कमी बोलली जाते. या मुलाला जवळ करून, शिक्षणासाठी आपल्या घरी अहमदनगरला नेणारा माणूस ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्माने चित्पावन ब्राह्मण. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती. त्या काळच्या रूढ बोलीत ते ‘बाटलेले’ होते. घर, जात, कुळाचार आणि पूर्वजांचा धर्म सोडलेला माणूस.

ख्रिस्ती आचारात विश्वासूपणाला मोठे स्थान आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याची फळे मोजली आहेत, त्यांत प्रीती, आनंद, शांती यांच्याबरोबर विश्वासूपणाही येतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द शोभावा कसा? ज्याने निष्ठा मोडली असे गाव म्हणते, त्याने निष्ठेचा उपदेश करावा हे विचित्र नव्हे काय? हा प्रश्न आक्षेप म्हणून पुष्कळदा विचारला गेला आहे. मला तो प्रश्न म्हणूनच घ्यावासा वाटतो. मी जन्माने ख्रिस्ती नाही. भाषेचा आणि खानदेशाच्या इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मी या विषयाकडे आलो, आणि त्याचे उत्तर मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा एका संसारात अधिक स्पष्ट सापडले.

शब्दाचे घराणे

आधी शब्द पाहू. माझ्या लहानपणी आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरत. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंतचा करार तोंडी असे. सालदाराची मोठी स्तुती एकाच शब्दात होई : ‘इमानी’. धान्याच्या कोठाराची किल्ली, बैलजोडी, विहिरीवरचे सामान, सगळे त्याच्या हवाली असे. त्याने ते सांभाळावे, हे इमान.

हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘ईमान’, ‘अमानत’, ‘अमीन’ हे सगळे एका मुळाचे. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. मराठीने तिची अक्षरे उलटसुलट करून ‘अनामत’ केली, आणि आजही निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार अनामत भरतो. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या भाषा असल्यामुळे हेच मूळ हिब्रूतही आहे. तिथे त्यापासून ‘एमुना’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ खंबीरपणा, भरवसा, विश्वासूपणा. आणि त्याच मुळापासून ‘आमेन’ होतो. म्हणजे जळगावच्या सराफ्यातला व्यापारी इमानाची शपथ घेतो आणि धुळ्याच्या चर्चमधली मंडळी प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणते, तेव्हा नकळत दोघेही एकाच मुळाचा शब्द उच्चारत असतात.

मराठीत आलेल्या फारसी शब्दांचा माग काढणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ दुसऱ्या वर्षी तिथेच उभे राहिले. परका शब्द भाषेत कसा मुरतो आणि आपला होतो, हा त्यांच्या आवडीचा विषय. धर्माच्या बाबतीत तो प्रश्न अधिक नाजूक असतो, पण प्रश्न तोच असतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘पिस्तिस’ हा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात : मी कोणावर तरी ठेवलेला विश्वास, आणि माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाला मी जागणे. मराठी बायबलात या एकाच मुळाला प्रसंगानुसार कुठे ‘विश्वास’, कुठे ‘विश्वासू’, कुठे ‘विश्वासूपणा’ असे शब्द योजावे लागतात. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रद्धेला ‘भावार्थ’ आणि श्रद्धावंताला ‘भावार्थी’ म्हटले आहे. कोकणी ख्रिस्ती बोलीत तो शब्द आजही जिवंत आहे. देशावरच्या प्रॉटेस्टंट मराठीने ‘विश्वासू’ हा शब्द घेतला. भावार्थात मनाची ओढ अधिक आहे, विश्वासूपणात हवाली केलेल्या ठेवीची आठवण अधिक आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्या समाजात इमान सालदाराने राखायचे, मालकाने नव्हे. पातिव्रत्य पत्नीने पाळायचे, पतीला त्या तोडीचा रूढ शब्दही नाही. निष्ठा ही नेहमी खालच्याने वरच्याशी ठेवायची गोष्ट झाली. हिब्रू शास्त्रात मात्र ‘एमुना’ हा शब्द आधी देवाला लागतो. माणसे करार मोडतात, देव मोडत नाही, हे त्या सर्व इतिहासाचे सूत्र आहे. वरचा आधी विश्वासू असतो आणि खालच्याचा विश्वासूपणा हे त्याला दिलेले उत्तर असते. कल्पना म्हणून हे वाचणे सोपे आहे. संसारात ती उतरते का, हे पाहण्यासाठी टिळकांच्या घरात जावे लागते.

१८९५ ते १९००

लक्ष्मीबाई, माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८. लग्न झाले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. टिळक बुद्धिमान, शीघ्रकवी, तापट आणि अस्थिर. नोकऱ्या सोडणे, न सांगता निघून जाणे, हातातले पैसे देऊन टाकणे हे बाप्तिस्म्याच्या आधीपासूनच चाललेले. त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयातही पत्नीचा सल्ला घेतलेला नव्हता. पदरी लहानगा दत्तू असलेली स्त्री एका दिवसात ना सवाष्ण ना विधवा अशा अवस्थेत गेली. पुढची काही वर्षे त्यांनी मुख्यतः पंढरपूरला नातलगांच्या आधाराने काढली.

टिळकांच्या निष्ठेची गोष्ट सांगताना हे झाकून चालणार नाही. लक्ष्मीबाईंचा विश्वासघात झाला असे कोणी म्हटले तर त्याला तत्काळ खोडून काढता येत नाही. बघायचे ते एवढेच, की त्यानंतर त्या दोघांनी काय केले.

कायद्याने टिळकांना एक वाट मोकळी होती. १८६६ साली इंग्रज सरकारने एतद्देशीय ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. धर्मांतरामुळे पत्नी सलग सहा महिने सोडून राहिली, तर ख्रिस्ती झालेल्या पतीला न्यायालयात दाद मागता येई. न्यायालय तिचे म्हणणे ऐके, विचाराला एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही ती धर्माच्या कारणाने नकार देत राहिली तर लग्न मोडून दोघांनाही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळे. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही, विश्वास न धरणारा जोडीदार वेगळा होऊ पाहत असेल तर त्याला होऊ द्यावे असे आहे. म्हणजे कायदा आणि शास्त्र दोन्हींचा आधार घेऊन टिळकांना नवा संसार मांडता आला असता. त्यांनी ती वाट धरली नाही. ते थांबले. पत्रे जात राहिली, येत राहिली. त्यांत राग होता, विनवण्या होत्या, कविताही होत्या.

लक्ष्मीबाईंचा विश्वासूपणा याहून अवघड होता. पतीच्या मागे मुकाट्याने जाणे ही पातिव्रत्याची रूढ कल्पना. तसे त्या गेल्या असत्या तर समाजाने नावे ठेवली असती, पण समजूनही घेतले असते. त्या तशा गेल्या नाहीत. पतीशी नाते तोडायचे नाही आणि पटल्याशिवाय त्याचा धर्मही घ्यायचा नाही, अशी दुहेरी भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे निभावली. पुढे त्या नगरला आल्या तेव्हाही आधी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. टिळकांनी ते चालवून घेतले. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातिभेदाची कल्पना आधी गळाली, ख्रिस्ती होण्याचा विचार त्यानंतर पक्का झाला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

या पाच वर्षांत मला विश्वासूपणाचा जो अर्थ दिसतो तो असा : दुसरा माणूस आपल्यासारखा होईपर्यंत नाते रोखून धरायचे नाही, आणि तो आपल्यासारखा झाला नाही म्हणून ते मोडायचेही नाही. थांबण्यात दोघांनाही किंमत मोजावी लागते, आणि ती दोघांनीही मोजली.

धरणगावचा मुलगा

आता पुन्हा जळगावकडे येऊ. १९०७ मध्ये टिळकांनी ठोमऱ्यांच्या मुलाला घरी नेण्याचे ठरवले, तेव्हा आजूबाजूला शंका उठली असणार हे उघड आहे. पाद्री हिंदू मुलाला घेऊन जातो, म्हणजे काय करतो, हे त्या काळच्या कोणत्याही घराला कळत होते. मुलाचे वडील पोलीस खात्यात नोकरीला. बदल्यांमुळे नवापूर, यावल, जळगाव अशा गावांतून त्याचे बालपण गेलेले. शिक्षण तुटक, घरची स्थिती बेताची, आणि मुलगा हळवा. अशा मुलाला वळवणे अवघड नसते.

बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले, शिकले, त्या घरातलेच एक झाले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. ‘स्मृतिचित्रे’त ठोमरे येतात ते घरचा मुलगा यावा तसे. आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले.

या एका गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. टिळक धर्मोपदेशक होते, १९०४ साली त्यांना विधिपूर्वक दीक्षा मिळालेली होती. धर्मप्रसार हे त्यांचे केवळ काम नव्हते, ती त्यांची तळमळ होती. तरीही जळगावातून आणलेला मुलगा ही त्यांच्या दृष्टीने एक अनामत होती. ती ज्या नाण्यात मिळाली त्याच नाण्यात राखायची, फक्त वाढवायची. ख्रिस्ताने सांगितलेल्या दाखल्यांत एक धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती मोहरा सोपवतो. जो भिऊन मोहर जमिनीत पुरतो तो निकम्मा ठरतो. जो तिचा उपयोग करून ती वाढवतो तो विश्वासू ठरतो. बालकवींच्या हाती असलेली मोहर त्यांच्या कवितेची होती. टिळकांनी ती वाढू दिली. आधी कविता लिहिणारा आणि मग पाद्री झालेला माणूस त्या मुलातल्या कवीशी प्रामाणिक राहिला.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. ज्या टापूत ते जन्मले, ज्या टापूत त्यांना नाव मिळाले, तिथेच ते संपले. टिळक त्यांच्यामागे जेमतेम वर्षभर जगले.

स्वधर्म आणि पूल

निष्ठेची दुसरी, आपल्या अधिक परिचयाची कल्पना म्हणजे स्वधर्म. तिचे एक अतिशय सुंदर विवेचन खानदेशातच झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्यायांची अठरा. ती उतरवून घेणारे साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. विनोबांच्या मते स्वधर्म शोधत फिरावे लागत नाही. तो जन्माबरोबर आईसारखा आपल्याला मिळालेला असतो. आई निवडता येत नाही आणि टाकताही येत नाही.

हा विचार टिळकांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप ठरू शकतो. ‘बाटला’ म्हणणाऱ्याला उत्तर देण्याची गरज नसते, पण विनोबांच्या या विचाराला उत्तर द्यावे लागते. टिळकांचे उत्तर त्यांच्या वागण्यात आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो जाळायचा नसतो. त्यांनी ख्रिस्ती मंडळीला परदेशी स्तोत्रांच्या चालींऐवजी अभंग, भजन आणि कीर्तन दिले. शेवटी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्या मिशनने त्यांना आसरा आणि काम दिले होते, तिच्यातून बाहेर पडताना त्यांना पुन्हा एकदा निष्ठा मोडल्याचा ठपका सोसण्याची तयारी ठेवावी लागली असेल. आईशी नाते न तोडता दुसऱ्या घरी नांदता येते, हे आपल्याकडच्या प्रत्येक सासुरवाशिणीला ठाऊक असते. टिळकांनी धर्माच्या बाबतीत तेच करून पाहिले. विनोबांनीही पुढे ‘ख्रिस्त-धर्म-सार’ संकलित केले. स्वधर्माला आई मानणारा माणूस दुसऱ्याच्या आईपुढेही नम्र होऊ शकतो, हे त्यातून दिसते.

पश्चिम खानदेशात, आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, विसाव्या शतकात ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांच्यापुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने आला. नवापूर-चिंचपाड्याच्या परिसरातल्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबाला बोली, शेत, भाऊबंद आणि गाव सोडायचे नसते. नवा विश्वास धरायचा आणि जुनी माणसे धरून ठेवायची, ही कसरत तिथे ग्रंथात नव्हे, लग्नात, मयतीला आणि सणाच्या दिवशी करावी लागते. टिळकांसारखा कवी त्या घरांत जन्मला नसेल, पण त्यांची परीक्षा सोपी नव्हती.

अपुरे काव्य

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. दहा-अकरा अध्यायांपाशी ते थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. शाळेत न गेलेली, पतीच्या हट्टामुळे अडखळत लिहायला-वाचायला शिकलेली ही बाई. तिने पुढचे ६४ अध्याय लिहिले. त्याच काळात १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी गद्याला एक नवा, घरगुती, निर्मळ आवाज मिळाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले १९३८ साली.

एका जागी हटून बसणे म्हणजे निष्ठा, असे मानले तर टिळक दांपत्याला ती नव्हती असेच म्हणावे लागेल. दोघांनीही जन्माची जागा सोडली. पण निष्ठा म्हणजे हाती सोपवलेले राखणे असे मानले, तर हिशेब वेगळा होतो. टिळकांनी पत्नी राखली, तुकोबांची भाषा राखली, धरणगावचा मुलगा राखला. लक्ष्मीबाईंनी आधी स्वतःचे मन राखले, मग संसार राखला, आणि शेवटी अपुरे राहिलेले काव्य राखले. दोघांच्या खात्यात चुका आहेत. टिळकांच्या तर बऱ्याच आहेत, आणि लक्ष्मीबाईंनी त्या हसत हसत लिहूनही ठेवल्या आहेत. पतीचे दोष न लपवता त्याच्याविषयीचे प्रेम सांगणे हाही विश्वासूपणाच आहे. कारण त्यात माणसाबरोबर सत्यही राखले जाते.

आज धर्म सोडणे, पक्ष सोडणे, गाव सोडणे यांवरून माणसाला बेइमान म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. काय सोडले ते लगेच दिसते. काय राखले ते पाहायला मात्र वर्षे द्यावी लागतात. जळगावच्या संमेलनातल्या कवींनी १९०७ साली एका पाद्र्याला आपल्यात बसवले आणि आपल्यातला एक मुलगा त्याच्या हवाली होताना पाहिला. त्यांनी टाकलेला भरवसा वाया गेला नाही, एवढे आज शंभराहून अधिक वर्षांनी निश्चित म्हणता येते.